मालकाला चालतं ते

"हात मागे, मालक."

हँगरच्या दारातून आत पाऊल टाकलं की हे वाक्य कानावर पडायचं, आणि आपण नकळत दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहायचो. ते स्वतःही तसेच चालायचे. हात मागे, मान पुढे, चष्मा कपाळावर. विमानाभोवती एक अख्खी फेरी अशी, कशालाही न शिवता. दुसऱ्या फेरीला हात सोडायचे. हात लावला की माणूस बघायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही कधी दुकानात साडी बघणाऱ्या बायका पाहिल्या असतील तर तुम्हाला हे पटणार नाही, पण विमानाच्या बाबतीत ते खरं आहे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिणं म्हणजे सही केल्यासारखं आहे आणि सही ज्याची त्यानेच करावी, हे त्यांनीच शिकवलंय. सेलेटार विमानतळावरच्या त्या हँगरमध्ये सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यात विशेष काही नाही. सिंगापुरात पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष अंकल असतो, टॅक्सीवाल्यापासून हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या बाजारात, टेबलं पुसणाऱ्यापर्यंत. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला मालक म्हणायचे, आणि पहिले काही महिने ते ऐकून माझी छाती उगाच दोन इंच फुगायची. पुढे कळलं की ती पदवी नव्हती. ती कायद्याने मला आखून दिलेली जागा होती, आणि ती फार लहान होती.

आता मी मालक कसा झालो, तेही सांगून टाकतो. मी मूळचा पुण्याचा, इथे पाया लेबार भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाल्यांचा मॅनेजर. चाळिशी उलटल्यावर पुरुषांना काहीतरी होतं. कुणी मॅरेथॉन धावतं, कुणी घरी पाव भाजतं, मी विमान उडवायला शिकलो. परवाना मिळाल्यावर डॉक्टर लिम नावाच्या एका दातांच्या डॉक्टरबरोबर अर्ध्या भागीत एक जुनं चार आसनी विमान घेतलं. विमान माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं होतं. बायको म्हणाली, गाडी परवडत नाही म्हणून विमान घेतलं का? सिंगापुरात गाडी ठेवायच्या नुसत्या परवान्यालाच गाडीच्या किमतीएवढे पैसे पडतात, म्हणून इथे राहणाऱ्यांना यातली खोच बरोबर कळेल.

हे विमान जमिनीवरून उठायला योग्य आहे की नाही, ते काकांच्या सहीवर ठरायचं. ते नाशिककडचे, परवानाधारक इंजिनिअर. तीसेक वर्षं इथे मोठाली प्रवासी विमानं दुरुस्त करून निवृत्त झाले होते, आणि आता आमच्यासारख्या हौशी लोकांची छोटी विमानं बघायचे. राहायला टॅम्पिनीसला. दर शनिवारी दोन बस बदलून यायचे, डब्यात काकूंनी दिलेली पोळीभाजी आणि खिशात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद.

त्या कागदाला ते नुसतं 'यादी' म्हणत. छोट्या खाजगी विमानाच्या मालकाने, तो स्वतः वैमानिक असेल तर, इंजिनिअरला न बोलावता कुठली कामं करावीत याची ती यादी होती. चाकाचं टायर बदलणं चालतं. इंजिनचे प्लग बदलणं चालतं. बॅटरी, फ्यूज, दिवे, सीटचा पट्टा, सीटचं कापड, वंगण घालणं, रंगाचा टवका उडाला तर तो भरणं, हे सगळं चालतं. काम झालं की लॉगबुकात काय केलं ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. यादीत जे नाही त्याला मालकाने हात लावायचा नाही, येत असलं तरी.

हे 'येत असलं तरी' डॉक्टर लिमना कधी पचलं नाही. जो माणूस रोज दुसऱ्याच्या तोंडात ड्रिल चालवतो, त्याला एक केबल ताणायची मनाई म्हणजे काय, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याला ते सहज जमेल, असं ते एकदा चार-पाच वेळा म्हणाले. इथल्या पद्धतीने म्हणाले, 'कॅन, अंकल, कॅन.'

काकांना या कॅनची भारी चीड होती. हा देश त्या एका शब्दावर चालतो हे तुम्हालाही ठाऊक असेल. जमेल का, याला उत्तर कॅन. परवानगी आहे का, यालाही उत्तर कॅन. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मालक, यांना सांगा, येतं का हा प्रश्नच नाही. चालतं का, हा प्रश्न आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, यांच्याकडे एकच. म्हणून मला रोज भांडावं लागतं." मी डॉक्टरांना भाषांतर करून सांगायचा प्रयत्न केला आणि दोन्ही ठिकाणी कॅनच वापरून बसलो. केबल काकांनीच ताणली.

मालक या नात्याने मी केलेलं पहिलं काम म्हणजे एक दिवा बदलणं. त्याला शनिवारची अख्खी दुपार गेली. स्क्रू काढायचे कसे, काढलेला प्रत्येक स्क्रू ठेवायचा कुठे, काम सुरू करताना हत्यारं मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची, कारण विमानात विसरलेला पाना कुठे जाऊन अडकेल ते सांगता येत नाही. मोजण्याबद्दल त्यांचा फार कटाक्ष होता. दिवा लागला तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं, कुणी टाळ्या वाजवतंय का म्हणून. काकांनी लॉगबुक पुढे केलं.

मी ऑफिसच्या सवयीने लिहिलं की दिवा बदलण्यात आला. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "बदलण्यात आला? कोणी बदलला, सरकारनं?" मी खोडून 'मी बदलला' असं केलं. मग त्यांनी माझी सही पाहिली. ती माझी नेहमीची सही, एक वेलांटी आणि पुढे नुसती रेघ. ही रजेच्या अर्जावरची सही आहे, विमानाची नाही, असं म्हणून त्यांनी मला नाव नीट वाचता येईल अशी सही करायला लावली. उद्या काही झालं तर माणूस सापडला पाहिजे, हे त्याचं कारण. सतरा वर्षं मी मॅनेजर आहे. सापडू नये म्हणूनच आम्ही तशी सही करतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

हा कायदा त्यांच्या घरातही लागू होता, पण तिथे सत्ता काकूंची होती. स्वयंपाकघरात काकांना काय चालतं याची यादी काकूंनी तोंडी ठरवून दिली होती. खोबरं खवणं, कोथिंबीर निवडणं, लसूण सोलणं. फोडणी त्यात नव्हती. काकू एकदा शेजारी गेलेल्या असताना त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर वरणाला फोडणी दिली आणि मोहरीचा कोळसा केला. काकूंनी परत येऊन कढईत पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की येतं का हा प्रश्नच नाही. हा किस्सा काका स्वतः सांगायचे, आणि सांगताना त्यांना काकूंचा कोण अभिमान वाटायचा.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. ते आमच्या विमानात कधी बसले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, चला, समुद्रावर एक चक्कर मारून येऊ, दहा मिनिटांत परत. ते हसून टाळायचे. एकदा फार मागे लागलो तेव्हा म्हणाले की मी बसलो तर लोक म्हणतील, स्वतःच्या जिवाच्या भीतीने नीट तपासलं. सही करणाऱ्याने खालीच राहावं. मग मी मागे लागणं सोडून दिलं.

पहिल्या दसऱ्याला माझी बायको पूजेचं ताट घेऊन हँगरमध्ये आली. आता घरातल्या लॅपटॉपला हळदकुंकू लागतं, तर विमानाने काय पाप केलंय? ताटात लिटल इंडियातून आणलेली झेंडूची फुलं होती, लिंबू होतं, कुंकू, अक्षता सगळं होतं. बरोबर माझी मुलगी इरा, तेव्हा सात वर्षांची. काकांनी ताटाकडे पाहिलं, खिशातली यादी काढली आणि गंभीर चेहऱ्याने वाचायला लागले. माझ्या बायकोला वाटलं, हे आता काहीतरी स्तोत्र म्हणणार.

कुंकू त्यांनी मंजूर केलं. रंगाचं काम आहे, सजावटीचं आहे, मालकाला चालतं, फक्त नाकावर लावा आणि बोट दुसरीकडे पुसू नका. झेंडूचा हार विमानाच्या पुढच्या पंख्याला न घालता समोर टेबलावर ठेवायला सांगितला. चाकाखाली लिंबू ठेवायला ठाम नकार दिला. टायर बदलणं यादीत आहे, लिंबू चिरडणं नाही. बायको माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती, आणि मी लॉगबुकाकडे बघत होतो, कारण कुंकवाचीही नोंद करावी लागणार हे माझ्या ध्यानात आलं होतं.

आणि मग बायकोने नेहमीच्या सवयीने मूठभर अक्षता विमानावर उधळल्या.

काकांनी डोळे मिटले. मग उघडले आणि विचारलं, "ताई, किती होत्या?"

आता मला सांगा, आजवर कुणी अक्षता मोजल्यात? बायको म्हणाली, असतील चिमूट-दोन चिमूट. लॉगबुकात चिमूट हे माप चालत नाही, असं त्यांनी अगदी अदबीने सांगितलं. विमानाच्या कुशीला बारीक भोकं असतात, बाहेरच्या हवेचा दाब त्यांतून आत कळतो आणि त्यावरून आपण किती उंच आहोत ते काटा दाखवतो. ओल्या कुंकवाने माखलेला एक दाणा त्यांवर चिकटून बसला की काटा खोटं बोलायला लागतो. तेव्हा किती टाकल्या ते माहीत नाही म्हणजे किती शोधायच्या तेही माहीत नाही. त्या दसऱ्याला आम्ही सीमोल्लंघन केलंच नाही. पूर्ण दुपार आम्ही चौघं हँगरच्या फरशीवर आणि पंखांखाली तांदूळ वेचत होतो, आणि तरी त्यांनी सगळी भोकं स्वतः तपासेपर्यंत विमान हलू दिलं नाही.

पुढच्या वर्षीपासून नियम झाला. अक्षता अकरा, घरून मोजून आणायच्या, वाहायच्या, आणि अकराच्या अकरा परत वेचायच्या. बायको पहिल्यांदा कुरकुरली, देवाला कुणी मोजून देतं का म्हणाली. देव काही म्हणणार नाही, मीच म्हणेन, असं उत्तर आलं. नंतर तिलाच त्यात मजा वाटायला लागली. इरा वेचायची, काका मोजून एका छोट्या डबीत टाकायचे. मोजून झालं की इरा म्हणायची, "Eleven, आजोबा. Can fly, lah." आणि ते तिला दर वर्षी सांगायचे की कॅन नाही, चालतं म्हण.

पाचव्या दसऱ्याची गोष्ट. इराने दाणे वेचून त्यांच्या तळहातावर ठेवले, काही त्यांनी स्वतः वेचले. मोजले. अकरा, म्हणाले, आणि डबीचं झाकण लावलं. इरा विमानाच्या कुशीकडे बघत म्हणाली, "आजोबा, one more there."

होता. लालभडक दाणा, पांढऱ्या रंगावर, त्या भोकांपासून बोटभर अंतरावर. दोन पावलांवरून मला दिसत होता, बायकोला दिसत होता. काका बरोबर त्याच्यासमोर उभे होते आणि विचारत होते, कुठे? मग त्यांनी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कडेने बघितल्यासारखं केलं, तेव्हा त्यांना तो सापडला. डबी उघडली. आत दहा दाणे होते आणि झेंडूच्या पाकळीचा एक बारीक तुकडा.

त्यांनी अकरावा दाणा डबीत टाकला, पाकळी बाहेर काढली, लॉगबुकात माझी कुंकवाची नोंद मला करू दिली. आम्ही घरी निघालो तेव्हा ते विमानाभोवती फेरी मारत होते. दुसरी, तिसरी, चौथी. टॅक्सीत इराने विचारलं, आय डिड समथिंग राँग? नाही म्हणून सांगितलं, पण मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो. वार्षिक तपासणी महिन्यावर आली होती, आणि ती त्यांच्या सहीशिवाय कधीच झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःच सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता आणि तो परत येणार नव्हता. कडेने दिसतं, मधोमध दिसत नाही, म्हणजे नेमकं जे बघायला जावं तेच गायब होतं, असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्यांचे डोळे तपासायला सरकारचं कुणी येणार नव्हतं. परवाना हातात होता, त्याची मुदत बाकी होती. फक्त नियमात लिहिलेलं असतं की आपण धड नसाल तर सही करू नका. धड आहोत की नाही, ते ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे मी, डॉक्टर लिम आणि काका, तिघं गप्प बसलो असतो तर काहीही बदललं नसतं.

गप्प बसायची आमची तयारी होती. डॉक्टरांनी आणि मी बेतही आखला. मी ऑफिसातल्या एका ओळखीच्याकडून चांगला कॅमेरा आणणार, दातांच्या डॉक्टरकडे तोंडाच्या आत बघायचा छोटा कॅमेरा असतो तो ते आणणार. विमानाचा कोपरान्‌कोपरा मोठ्या पडद्यावर दाखवू, आम्ही बघू, काका सांगतील काय बघायचं ते. हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिता पिता मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, आमच्या टीममध्ये नवीन कल्पना मांडतात तसं, मुद्देसूद.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे डोळे तुमचे आणि सही माझी."

मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. निदान एक-दोन वर्षं.

"मालक, मला अजून येतं," ते म्हणाले. "चालत नाही."

कोपीचा कप रिकामा करून ते बस पकडायला गेले. मला त्यांचा राग आला होता, खरंच सांगतो. एवढा ताठपणा कशासाठी? आमच्याशिवाय कुणाला कळणार होतं? मग घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभा राहिलो आणि लक्षात आलं की राग वगैरे काही नव्हतं, मला रडू येत होतं.

वार्षिक तपासणी एका तरुण इंजिनिअरने केली, काकांनीच शोधून आणलेल्या. काका शनिवारी यायचे मात्र थांबले नाहीत. स्टुलावर बसायचे आणि मी प्लग बदलताना पान्याच्या आवाजावरून सांगायचे की बस्स, आता आणखी आवळू नका. एकदा एक प्लग काही केल्या सुटेना. मी पाना त्यांच्या हातात द्यायला गेलो, तर त्यांनी हात वर केले. परवाना वापरायचा नाही म्हणजे मी इंजिनिअर नाही, म्हणाले, आणि विमान माझं नाही म्हणजे मालकही नाही. गंमत बघा, ज्याला पाना सुलटा की उलटा ते कळत नाही त्याला चालतं, आणि ज्याची उभी हयात पान्यात गेली त्याला चालत नाही. ही गंमत सांगताना त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

मग मला एक नामी युक्ती सुचली. माझ्या अर्ध्यातला थोडा हिस्सा त्यांच्या नावावर करायचा. ते मालक झाले की यादी त्यांनाही लागू. मी हे मांडलं तर ते इतके हसले की स्टुलावरून पडता पडता राहिले. मालक नुसता मालक असून भागत नाही, तो वैमानिक पाहिजे, आणि वैमानिकाचे डोळे तर सरकार स्वतः तपासतं. ते मला म्हणाले की मालक, कायदा वाचायला तुम्हाला अजून येत नाही.

त्या पावसाळ्यात त्यांनी नाशिकला मुलाकडे जायचं ठरवलं. काकू म्हणाल्या की यांना कडेने का होईना दिसतंय तोवर गावाला जाऊन राहू. टॅम्पिनीसचा फ्लॅट आवरला. आणि एका शनिवारी काका आपणहून म्हणाले, आता मी सही करत नाही, आता मला वर न्यायला हरकत नाही. एकदा न्या. आपल्या सहीने काय काय वर धरून ठेवलं होतं ते बघतो, कडेने का होईना.

सोमवारी त्यांचं मुंबईचं विमान होतं, म्हणून आमची चक्कर शनिवारची ठरली. काकू आल्या, माझी बायको आणि इरा आल्या. मी सकाळी लवकर जाऊन विमानाभोवती फेऱ्या मारल्या, सगळं व्यवस्थित होतं. काका पोचले ते एका पिशवीत जुन्या सुती साडीची फडकी घेऊन. वर जाण्याआधी विमान धुऊन घेतो म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला चालतं का? धुणं म्हणजे देखभाल नाही, त्यांनी सांगितलं, ते कुणीही करावं, कायद्याला त्याचं काही नाही.

कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे हात विमानावर बघत होतो. नाकापासून सुरुवात करून ते मागे मागे जात होते, ओलं फडकं एका हातात आणि दुसरा तळहात त्याच्या मागोमाग. मध्ये मध्ये थांबून एखाद्या जागेवर हात नुसताच ठेवायचे. काकू मला हळूच म्हणाल्या की हे घरी कधी भांडंसुद्धा असं पुसत नाहीत.

शेपटीपाशी ते थांबले. फडकं मागे घेतलं, पुन्हा तिथेच फिरवलं. शेपटीची वरखाली होणारी फळी जिथे बिजागरीने बसवलेली असते, तिथे खालच्या अंगाला फडक्याचा एक धागा अडकत होता. मला हाक मारली. मी वाकून पाहिलं, काही दिसलं नाही. टॉर्च लावला. इराने फोनवर फोटो काढून मोठा करून दाखवला, तेव्हा दिसली. केसाएवढी रेघ, नखाएवढी लांब. सकाळी माझ्या शाबूत डोळ्यांनी मी तिच्यासमोरून तीनदा गेलो होतो.

रंगाला गेलेला तडा असेल, मी म्हटलं. ते म्हणाले, असेल. रंगाचा असेल तर तुमचं काम आहे, धातूचा असेल तर नाही, आणि कुठला आहे ते आज इथे कुणाला सांगता येणार नाही. मी तरुण इंजिनिअरला फोन केला. तो कामासाठी बाहेरगावी होता, मंगळवारी येणार होता.

दहा मिनिटांची चक्कर. हवा स्वच्छ. काकूंनी त्यांना नवा शर्ट घातला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय करू?

"मी पाहुणा आहे," ते म्हणाले. "विमान तुमचं आहे."

त्यांच्यासाठी एवढं एक करायचं होतं आणि तेही आपल्या हातून होणार नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी जाऊन लॉगबुक आणलं आणि पंखावर ठेवून लिहिलं. कुठे रेघ दिसली, केवढी आहे, इंजिनिअरने बघेपर्यंत हे विमान उडवायचं नाही. खाली सही केली.

ते जवळ आले आणि वाचून दाखवा म्हणाले. मी वाचलं. 'मला आढळली' असं मी लिहिलं होतं, त्यावर ते थबकले. तुम्हाला कुठे आढळली? मी ते दुरुस्त करून लिहिलं की पुसताना पाहुण्याने दाखवली, मी पाहिली. ते त्यांना पटलं. मग सही कुठे आहे ते विचारलं. मी त्यांचं बोट धरून तिथे ठेवलं. त्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, बॉलपेनने कागद दाबला गेला होता त्यावरून. वाचता येतेय, म्हणाले.

आम्ही हँगरमध्येच खाली बसून काकूंनी आणलेल्या पुऱ्या खाल्ल्या. उरलेलं अर्धं विमान काका तेवढ्यात धुऊन आले. सोमवारी ते गेले. विमानतळावर मला यायला नको म्हणाले, कामाच्या दिवशी ऑफिस बुडवू नका.

मंगळवारी तरुण इंजिनिअर आला. त्याने त्या जागेचा रंग खरवडला, भिंगातून पाहिलं, काहीतरी लावून पुन्हा पाहिलं. खालचा धातू एकसंध होता. नुसता रंगाला तडा होता. शनिवारी ते विमान वर जाऊन खुशाल परत आलं असतं.

मला दोन दिवस नाशिकला फोन करायचं धैर्य झालं नाही. शेवटी केला. कसे आहात वगैरे विचारून झाल्यावर सांगून टाकलं की काका, रंगाचाच होता हो, माझ्यामुळे उगाच तुमची चक्कर हुकली.

"शनिवारी तुम्हाला माहीत होतं का, रंगाचा आहे ते?"

मी म्हटलं, नाही.

"मग झालं तर," ते म्हणाले. आणि फोन हातात धरूनच त्यांनी आतल्या खोलीत काकूंना ओरडून सांगितलं की अगं, विमान धड आहे.